ग्राफिक्स कार्ड उत्पादकांमधील स्पर्धा

संगणकाच्या पडद्यावरची दृश्ये घडवणाऱ्या ग्राफिक्स कार्डांच्या व्यवसायात एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल यांची चढाओढ चिपच्या वेगावरून मोजली जाते. निकाल मात्र बहुधा सॉफ्टवेअर लावते. इंटेलची आर्क कार्डे २०२२ मध्ये आली, तेव्हा डायरेक्टएक्स ९ या ग्राफिक्स इंटरफेसवरचे जुने गेम त्यांवर अडखळत. पुढे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, सुधारले आणि चिप तीच असताना वेग वाढला. याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको. कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून गेमचा वेग वाढवणारे एनव्हिडियाचे डीएलएसएस (२०१८) तिच्याच आरटीएक्स कार्डांपुरते राहिले, तर एएमडीने त्याच कामाचे एफएसआर (२०२१) प्रतिस्पर्ध्यांच्या कार्डांवरही चालू दिले. ग्राहकाच्या दृष्टीने हे धोरण निःसंशय चांगले. तरी एनव्हिडियाची बाजारावरील पकड त्याने ढिली झाली नाही.

निकाल सॉफ्टवेअर लावते, यावर आक्षेप असा, की २०२०-२१ च्या टंचाईत वैशिष्ट्ये कोणी पाहिलीच नाहीत. चिपचा तुटवडा, टाळेबंदीतली मागणी आणि ग्राफिक्स कार्डांवर होणारे इथेरियम या कूटचलनाचे मायनिंग यांमुळे ६९९ डॉलरचे आरटीएक्स ३०८० मूळ किमतीला मिळेनासे झाले. हाती लागेल ते कार्ड लोकांनी घेतले. हे खरेच आहे. पण टंचाईने निवड लांबणीवर टाकली, रद्द केली नाही. २०२२ मध्ये माल पुन्हा मिळू लागला, सप्टेंबरमध्ये इथेरियमचे मायनिंगही थांबले आणि त्याच वर्षी आलेल्या आर्क कार्डांची पारख ड्रायव्हरवरूनच झाली.