वर्धेकाठच्या नायिका

नरखेड तालुक्याच्या पश्चिमेला वर्धा नदी वाहते. पलीकडे अमरावती जिल्हा, वरूड-मोर्शीचा मुलूख. अलीकडे आमचं मोवाड आणि जलालखेडा. दोन्ही काठांवर संत्र्याच्याच बागा. तरीही नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. ही हद्द साहित्यात फार जुनी आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त अग्निमित्र राजा शेवटच्या अंकात विदर्भाची वाटणी करतो, एक भाग यज्ञसेनाला आणि दुसरा माधवसेनाला देतो, आणि मधली सीमा ठरवतो ती वरदा. वरदा म्हणजे आपली वर्धा. ज्या नाटकाच्या शेवटी ही वाटणी होते, त्याची नायिकाही विदर्भाचीच आहे. मालविका ही या माधवसेनाची बहीण.

तालुक्यातल्या एका शाळेत मी कितीतरी वर्षं मराठी शिकवलं. वर्गातल्या बहुतेक मुली संत्र्याच्या तोड्याला जाणाऱ्या घरांतल्या होत्या. आंबिया बहार आला की हजेरी निम्म्यावर यायची. या मुलींना ‘नायिका’ म्हटलं की सिनेमातली बाई आठवायची. मी त्यांना सांगायचे, अगं, या देशातल्या सगळ्यात जुन्या नायिकांपैकी किती जणी आपल्या विदर्भाच्या लेकी आहेत, ते मोजा तरी. लोपामुद्रा, दमयंती, रुक्मिणी, रघुवंशातली इंदुमती, ही मालविका. एवढ्या मोठ्या नायिका एका प्रदेशाच्या वाट्याला येणं ही लहान गोष्ट नाही. तिचा अभिमान आम्ही पुरेसा बाळगला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मालविकेवर मात्र माझा फारसा जीव नाही. भाऊ कैदेत पडतो. मंत्री सुमती तिला घेऊन व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर विदिशेकडे निघतो. वाटेत रानातले लुटारू तांड्यावर तुटून पडतात आणि सुमती मारला जातो. राजकन्या हातोहात फिरत राणी धारिणीच्या महालात दासी होते. आज नरखेडच्या स्टेशनावरून निघालेली गाडी पांढुर्णा, बैतूल, इटारसी करत नर्मदा ओलांडते आणि भोपाळमार्गे विदिशेला पोचते, तो मुलूख त्या तांड्याच्या वाटेवरचा. एवढं सोसूनही मालविका आपण कोण हे उघड करत नाही. ती नाचते, प्रेम करते, तळघरात कोंडली जाते. पण तिच्या आयुष्याची सूत्रं विदूषक, परिव्राजिका आणि राणी हलवतात. कालिदासाचं नाटक गोड आहे. त्यात मालविकेचं दैव बदलतं, ती स्वतः जिथल्या तिथे राहते.

दमयंतीचं तसं नाही. महाभारताच्या वनपर्वातलं नलोपाख्यान मी दर वर्षी वर्गात सांगायचे, आणि पूर्ण सांगायचे. मुलांना हंस आणि स्वयंवर ठाऊक असतं, गोष्ट तिथेच संपते असं वाटतं. खरी दमयंती त्यानंतर सुरू होते. नल द्यूतात बुडतोय हे दिसताच ती दोन्ही मुलांना वार्ष्णेय सारथ्याबरोबर कुंडिनपुरी माहेरी पाठवून देते. राज्य जाण्याआधी केलेली ही तजवीज आहे. पुढे रानात नल तिला वाटा दाखवू लागतो, ही अवंतीकडे जाते, ही विदर्भाला, ही कोसलाला. ती लगेच ओळखते की हा आपल्याला सोडून जायच्या विचारात आहे. ती म्हणते, माहेरी जायचंच असेल तर दोघं मिळून जाऊ. रात्री तो तिचं अर्धं वस्त्र फाडून घेतो आणि निघून जातो.

मग अजगर येतो. त्यातून सोडवणारा व्याधच तिच्यावर डोळा ठेवतो, आणि तिच्या शापाने मरून पडतो. ती व्यापाऱ्यांच्या तांड्याला मिळते, तर रात्री तळ्याकाठी हत्ती तो तांडा तुडवतात, आणि वाचलेले लोक म्हणतात की हीच अवदसा. चेदीच्या नगरात पोरं तिच्या मागे लागतात. तिथे राजमाता तिला कामावर ठेवायला तयार होते, तेव्हा अंगावर धड वस्त्र नसलेली ही बाई अटी घालते: उष्टं खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही. या जागी माझ्या वर्गात नेहमी शांतता पसरायची. मजुरीला जाणाऱ्या आईच्या लेकींना हे फार लवकर कळायचं. एकदा एक मुलगी उठून म्हणाली, ‘‘बाई, तिले गरज होती, तरी तिनं अटी टाकल्या?’’ मी म्हटलं, हो, तिथेच ती राणी आहे हे कळतं.

पण मला सगळ्यात थोर वाटतो तो पुढचा भाग. माहेरी परतल्यावर ती रडत बसत नाही. ती ब्राह्मणांना गावोगाव पाठवते, त्यांच्या तोंडी एक प्रश्न देते, आणि उत्तर कोण देतं ते पाहायला सांगते. पर्णाद अयोध्येहून खबर आणतो की ऋतुपर्ण राजाच्या पदरी बाहुक नावाचा एक कुरूप सारथी आहे, त्याने उत्तर दिलं. मग ती आईला विश्वासात घेऊन आपल्या दुसऱ्या स्वयंवराचा निरोप अयोध्येला धाडते, तोही अवघ्या एका दिवसाच्या मुदतीचा, कारण एवढी वाट एका दिवसात रथ हाकून नलच कापू शकतो हे तिला माहीत आहे. बाहुक आल्यावरही ती धावत जात नाही. केशिनी दासीला पाठवून त्याच्या रांधण्यापर्यंत सगळं पारखून घेते. प्रेम होतंच, ते टिकवायला तिने अक्कल खर्च केली. स्वयंवरात नलाचं रूप घेऊन बसलेल्या देवांमधून खरा नल ओळखणारी मुलगी आणि कुरूप सारथ्यातून नल ओळखणारी ही बाई, यांच्यामध्ये तो सगळा रानाचा रस्ता आहे. नायिका कशी घडते हे मला याहून चांगलं कुठे सापडलं नाही.

रुक्मिणीचं गाव आमच्या नदीवरच, खाली तिवसा तालुक्यात, कौंडण्यपूर. तिथून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते, चारशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे. विदर्भातल्या आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत उपवर मुलीला एकनाथांचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ वाचायला बसवत. चांगला नवरा मिळावा म्हणून अठरा प्रसंगांचं पारायण. नाथांनी हा ग्रंथ १५७१ मध्ये काशीत पूर्ण केला. आमच्या घरीही ही पोथी होती. आजी ऐकता ऐकता मध्येच म्हणायची, ‘‘एवढी मोठी चिठ्ठी लिवली व पोरीनं! अन् आपल्या पोरीले कोनी इचारते का, तुले कोन पायजे म्हनून?’’ घरातले मोठे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आजीचं म्हणणं खरं होतं. भागवतातल्या त्या पत्रात प्रेम आहे तसा नेमका बेतही आहे. अंतःपुरातल्या मुलीला नेताना तिचे भाऊबंद मारावे लागतील, ही अडचण तीच मांडते आणि उपायही तीच सांगते: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या यात्रेला वधू नगराबाहेर जाते, तिथून न्या. भावाने ठरवलेला शिशुपाल तिने नाकारला. पुढे कृष्ण त्याच भावाला मारायला उठतो तेव्हा त्याच्या प्राणांची भीकही तीच मागते. घरच्यांनी ठरवलेलं स्थळ मोडणाऱ्या मुलीची पोथी, घरचे ठरवतील ते स्थळ चांगलं निघावं म्हणून वाचून घेतली गेली. शेकडो वर्षं हे चाललं. मला याचं अजून वाईट वाटतं.

आणि ही रुक्मिणी मराठीत पहिल्यांदा गायली कोणी? नदीपलीकडे, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला, महदाइसेने. चक्रधरस्वामींची शिष्या, लहानपणीच विधवा झालेली, प्रश्न विचारण्यात कोणाला न आवरणारी. १३व्या शतकाच्या उत्तरार्धात गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला, तेव्हा तिने रुक्मिणीच्या लग्नाचे ‘धवळे’ म्हटले. मराठीची आद्य कवयित्री ती हीच. तिच्या काळात विधवेने मंगलकार्यात पुढे होऊन वराची गाणी गावी, ही साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर १२९२ च्या सुमाराला नरेंद्राने आपलं ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं. पंडितांत त्याचं कौतुक जास्त होतं. मी महदाइसेच्या बाजूची आहे.

विधवेने नायिका रचली, त्यानंतर विधवा स्वतः नायिका व्हायला जवळजवळ पावणेसहाशे वर्षं गेली. १८५७ मध्ये बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं, ते विधवांच्या हालांवरच. मग हरिभाऊ आपट्यांची यमू आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगू लागली. विदर्भात वाशिमला १९०७ मध्ये जन्मलेल्या गीता साने यांनी १९३६ च्या ‘निखळलेली हिरकणी’पासून स्वतःचा विचार असलेल्या बायका लिहिल्या. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा हिशेब मांडला तो अमरावतीत जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे यांनी, आणि १९६१ मध्ये ग्वाल्हेरला त्या साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. नागपूरच्या आशा बगे यांच्या ‘भूमी’ला २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हा सगळा वारसा आमच्या दारचा आहे.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. नरखेड-मोवाडच्या मुलींना तिथे नेणं अवघड नाही, फक्त नदी ओलांडायची. शिक्षकांना आणि आईबापांना माझी एकच विनंती आहे: दमयंतीची गोष्ट हंसापाशी आणि स्वयंवरापाशी थांबवू नका, चेदीच्या त्या अटींपर्यंत आणि एका दिवसाच्या त्या निरोपापर्यंत सांगा, आणि घरात रुक्मिणीची पोथी असेल तर ती मुलीच्या हाती देऊन पत्राचा भाग तिला मोठ्याने वाचू द्या, आणि मग तिचं म्हणणं ऐका.