कुत्र्याच्या नाकात, माणसाच्या घशात : जिव्हाकृमीचा प्रवास

पाळलेला कुत्रा वारंवार शिंकतो, पंजाने नाक घासतो, मान झटकतो आणि नाकातून रक्तमिश्रित स्राव येऊ लागतो, तेव्हा बहुतेक मालकांना सर्दी झाल्याची किंवा नाकात कुसळ अडकल्याची शंका येते. ही शंका बरेचदा खरीही ठरते. मात्र काही वेळा यामागे एक जिवंत परजीवी असतो. जिभेसारख्या चपट्या, लांबट आकारामुळे त्याला जिव्हाकृमी म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव लिंग्वॅट्युला सेराटा. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ फ्र्योलिख यांनी 1789 मध्ये त्याचे वर्णन केले.

नावात कृमी असला तरी हा प्राणी जंत, पट्टकृमी यांच्या कुळातला नाही. त्याच्या तोंडाभोवती आकड्यांच्या दोन जोड्या असतात. तोंड आणि हे चार आकडे मिळून पाच तोंडे असावीत, असा जुन्या अभ्यासकांचा समज झाला आणि या गटाला पंचमुखी अशा अर्थाचे नाव पडले, ते आजही कायम आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस जनुकीय तपासणी झाली तेव्हा जिव्हाकृमींचे जवळचे नाते माशांच्या अंगावर राहणाऱ्या उवांशी, म्हणजेच झिंगे-खेकड्यांच्या कवचधारी गटाशी, असल्याचे दिसून आले. खेकड्याचा हा दूरचा भाऊबंद कुत्र्याच्या नाकात रक्त आणि श्लेष्मा यांवर जगतो. मादीची लांबी 8 ते 12 सेंटीमीटर, तर नराची जेमतेम 2 सेंटीमीटर असते.

या कृमीला आयुष्य पुरे करण्यासाठी दोन प्राण्यांचा आश्रय लागतो. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या नाकातील मादी असंख्य अंडी घालते. ती शिंकेबरोबर बाहेर उडतात किंवा गिळली जाऊन विष्ठेवाटे बाहेर पडतात. अशा अंड्यांनी दूषित झालेला चारा वा पाणी शेळी, मेंढी, गाय, म्हैस, उंट किंवा ससा यांच्या पोटात गेले, की आतड्यात अळी बाहेर येते, आतड्याची भिंत भेदते आणि आतड्याच्या पडद्यातील लसिका ग्रंथी, यकृत, फुफ्फुसे येथे ठाण मांडते. तेथे ती अनेकदा कात टाकते. सुमारे सहा महिन्यांनी ती अर्धा सेंटीमीटरच्या आसपास लांबीची, अंगावर बारीक काट्यांच्या रांगा असलेली आणि पुढच्या आश्रयदात्याची वाट पाहणारी अळी बनते. त्या जनावराचे कच्चे आतडे-काळीज कुत्र्याने खाल्ले, की ती त्याच्या घशातून नाकाकडे सरकते आणि आणखी सुमारे सहा महिन्यांत प्रौढ होते.

या साऱ्या काळात शेळी किंवा म्हैस आजारी दिसत नाही, ही खरी अडचण आहे. चारा खाणे, दूध देणे यांत पशुपालकाच्या लक्षात येईल असा फरक सहसा पडत नाही. कत्तलीनंतर लसिका ग्रंथी सुजलेल्या, मऊ वा काळपट दिसू शकतात. पण त्या चिरून पाहिल्या तरच अळी सापडते. यकृत आणि फुफ्फुसांवर वरवर नजर टाकून ही तपासणी होत नाही. इराणमधील कत्तलखान्यांत आणि भटक्या कुत्र्यांत या कृमीचा मोठा प्रादुर्भाव अनेक पाहण्यांत आढळला आहे. भारतातही म्हशी, शेळ्या आणि गुरांमध्ये त्याच्या नोंदी झाल्या असून केरळमधील पाहणीचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

माणसाला याची बाधा दोन मार्गांनी होते. अंडी पोटात गेल्यास शरीरात अळ्या तयार होतात, पण बहुधा त्रास देत नाहीत. कालांतराने मरून त्यांच्या जागी चुना साचतो आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत वा शवविच्छेदनात त्या योगायोगाने आढळतात. क्वचित अळी डोळ्यात शिरल्याचीही नोंद आहे. दुसरा मार्ग अधिक नाट्यपूर्ण आहे आणि त्याचे कोडे सुटायला बराच काळ लागला.

लेबनॉनच्या डोंगराळ भागात शेळी-मेंढीचे कच्चे काळीज खाण्याची जुनी चाल आहे. ते खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत काही जणांच्या घशात तीव्र खाज व टोचणी सुरू होते, खोकला आणि शिंका येतात, आवाज बसतो, गिळणे कठीण होते. घसा फार सुजल्यास श्वास कोंडण्याचा धोकाही असतो. स्थानिक लोक या विकाराला हलझून म्हणतात. अरबीत या शब्दाचा अर्थ गोगलगाय. 1905 मध्ये खूरी यांनी त्याचे वर्णन करून यकृतातील चपट्या कृमीवर, म्हणजे लिव्हर फ्लूकवर, दोष ठेवला. काळीज खाल्ल्याने त्रास होतो, काळजात हा कृमी असतो, म्हणून तोच गुन्हेगार, हा तर्क वरकरणी इतका सरळ होता की पाठ्यपुस्तकांतही तो रुजला. अखेर 1969 मध्ये लेबनॉनमधील संशोधकांनी हलझूनच्या दोन रुग्णांतून प्रत्यक्ष जिव्हाकृमीच्या अळ्या मिळवल्या आणि साठ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या समजाला तडा गेला.

सुदानमध्ये शेळी, मेंढी, उंट यांचे कच्चे काळीज, फुफ्फुस, पोट यांपासून मरारा नावाचा पदार्थ करतात. त्यानंतर होणाऱ्या अशाच त्रासाला त्या पदार्थाचेच नाव मिळाले. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही शरीराची अतिसंवेदनशील, म्हणजे अॅलर्जीच्या स्वरूपाची, प्रतिक्रिया असल्याचे मत मांडण्यात आले. माणसाच्या घशात अळी सहसा फार काळ टिकत नाही आणि रुग्ण एक-दोन आठवड्यांत बरा होतो. डॉक्टर दिसणारी अळी चिमट्याने काढतात, सूज व खाज कमी करणारी औषधे देतात. श्वासाला अडथळा येत असल्यास मात्र तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

आपल्याकडे कलेजी आणि वजडी मसाल्यात चांगली शिजवूनच खाल्ली जाते आणि शिजवल्याने अळी मरते. त्यामुळे हलझूनची भीती येथे फारशी नाही. कुत्र्यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. मटणाच्या दुकानाबाहेर फेकलेल्या आतड्यांसाठी ताटकळत बसलेली कुत्री हे कुठल्याही गावातील परिचित दृश्य आहे. तीच कुत्री नंतर गोठ्याजवळ, कुरणात, पाणवठ्यावर फिरतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. कत्तलीनंतरचे टाकाऊ अवयव खोल पुरणे किंवा जाळणे, पाळीव कुत्र्याला कच्चे काळीज-आतडे न घालणे, कुत्र्याचे नाक पुसल्यावर हात साबणाने धुणे आणि पालेभाजी धुऊन घेणे, एवढ्याने ते तुटू शकते. कुत्र्याच्या नाकातील कृमी पशुवैद्यक दुर्बिणीच्या साह्याने किंवा शस्त्रक्रियेने काढतात. काही औषधेही वापरली जातात. त्यांपैकी आयव्हरमेक्टिन हे कोली जातीच्या काही कुत्र्यांना विषासमान ठरू शकते, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ते परस्पर देऊ नये.