कानबाईच्या ताटातलं गंगाफळ

श्रावणात जळगाव-धुळ्याकडे कानबाई देवी बसते, तेव्हा रोट, पुरणपोळी आणि खिरीच्या जोडीला गंगाफळाची भाजी लागतेच. म्हणून हे ताट अनादि आहे, असं मानलं जातं. मला ते पटत नाही. गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, मूळचा अमेरिकेतला; 1492 नंतरच तो समुद्र ओलांडू शकला. भाजीतली मिरचीही तिकडचीच.

कुणी म्हणेल, नैवेद्यात परकं फळ कसं शिरेल? कोहळा इथे आधीपासून होता. त्याच्या शेजारी नवा भोपळा सहज रुजला असावा. शिवाय तो पावसाळी वेलीवर येतो आणि टिकतो. अनिवार्य झालेली गोष्ट प्राचीनच असते, असं नाही. तो नैवेद्यापर्यंत नेला खान्देशातल्या बायकांनी, आणि त्यांची ही निवड मला फार मोलाची वाटते.