मोझांबिकचा अजिंक्य जलदुर्ग

गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचा इतिहास वाचताना आपली दृष्टी बहुधा मांडवीच्या मुखापलीकडे जात नाही. परंतु त्या सत्तेचा अंमल आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता, आणि तेथील मोझांबिक बेटाचा कारभार इ. स. १७५२ पर्यंत गोव्याच्याच अधीन होता.

हे बेट सुमारे तीन किलोमीटर लांबीचे. इ. स. १४९८ त वास्को द गामा येथे येऊन गेला. पुढे लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघालेल्या जहाजांचे ते विश्रांतिस्थान बनले. मोसमी वारा चुकला म्हणजे खलाशांना येथे महिनोन् महिने अडकून पडावे लागे. या नाक्याच्या रक्षणार्थ इ. स. १५५८ च्या सुमारास बेटाच्या उत्तर टोकास सांव सेबास्तियांव किल्ल्याचे काम सुरू झाले. तटाला भिडलेल्या शत्रूवर बाजूने मारा करता यावा म्हणून कोनाकोनांवर बुरूज काढण्यात आले. बेटावर गोड्या पाण्याचे दुर्भिक्ष असल्यामुळे पावसाचे पाणी साठविणारे टाके किल्ल्याच्या आत बांधले. वेढ्याच्या प्रसंगी हे टाके तोफांइतकेच मोलाचे होते.

इ. स. १६०७ मध्ये पाउलुस फान कार्डेन या डच सेनानीने आठ जहाजांनिशी वेढा घातला. किल्लेदार एस्तेव्हांव द आताईद याने तुटपुंज्या शिबंदीनिशी तो सुमारे दोन महिने थोपविला. पुढच्याच वर्षी पीटर फेरहूफ तेरा जहाजे घेऊन आला. त्यालाही हात हलवीत परतावे लागले. डचांना हा किल्ला कधीच मिळाला नाही.

तथापि या विजयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. किल्ला हाती लागत नाही असे पाहून फान कार्डेनने जाता जाता तटाबाहेरील शहर जाळून टाकले. शिवाय इ. स. १६११ त हेंड्रिक ब्रौवर याने केपपासून थेट पूर्वेस जाणारा मार्ग दाखविला, व १६५२ त डचांनी केप येथेच स्वतःचे ठाणे वसविले. मग मोझांबिक घेण्याची त्यांना निकडच उरली नाही. किल्ला अजिंक्य राहिला. समुद्रावरील वर्चस्व मात्र पोर्तुगीजांच्या हातून निसटले.

इ. स. १९९१ त युनेस्कोने या बेटाचा जागतिक वारशांत समावेश केला. ज्ञातिबांधवांनी या इतिहासातून एवढा बोध अवश्य घ्यावा. टाके आधी बांधून ठेवले, म्हणून वेढा सोसता आला. परंतु ज्यांची घरे तटाबाहेर होती, त्यांची राखच झाली. संस्था उभारणाऱ्या समाजाने आपला तट किती जणांना पोटात घेतो, याचा हिशेब स्वस्थतेच्या काळातच मांडून ठेवावा.