चाळिशीचा चष्मा: उपाय आधी, कारण नंतर

"डॉक्टर, सुईत दोरा ओवता येत नाही. पेपर हात लांब करून वाचावा लागतो. डोळे गेले का माझे?" शहाड-उल्हासनगर भागात शिवणकाम करणारे अनेक जण पंचेचाळिशीच्या आसपास हा प्रश्न विचारतात. डोळे गेलेले नसतात, चाळिशी लागलेली असते.

आपल्या भाषेने या त्रासाला आजाराचे नाव दिले नाही, वयाचे दिले. चाळीस उलटली की जवळचे अंधुक दिसू लागते, म्हणून ती चाळिशी. त्यावरच्या चष्म्यालाही जुन्या घरांत चाळिशी किंवा चाळशीच म्हणत.

चष्म्याचा शोध लागला तोच या चाळिशीसाठी. इटलीत 1286 च्या सुमारास पहिले चष्मे तयार झाले. 1306 मध्ये एका धर्मोपदेशकाने फ्लॉरेन्समधील प्रवचनात सांगितले, की ही कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. ती भिंगे बहिर्गोल होती, म्हणजे जवळचे वाचण्यासाठी. पोथ्या लिहिणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या प्रौढ माणसांची कामाची वर्षे त्यांनी वाढवली. पंधराव्या शतकात युरोपात छपाई सुरू झाली आणि चष्म्याची मागणीही वाढली.

भारतात चष्मा कधी आला, याचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी जुन्या ग्रंथांतून घेतला. सोमनाथ कवीच्या 'व्यासयोगिचरित' या संस्कृत चरित्रात विजयनगरचे आचार्य व्यासतीर्थ चष्मा लावून ग्रंथ वाचत असल्याचा उल्लेख आहे. काळ सुमारे 1520. पोर्तुगीजांनी गोवा घेतले 1510 मध्ये, तेव्हा चष्मा त्यांच्यामार्फत आला असावा.

गंमत म्हणजे तोवर चाळिशी का लागते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. जवळचे पाहताना डोळ्यातले भिंग आपला आकार बदलते, हे थॉमस यंग यांनी 1801 मध्ये दाखवले. हेल्महोल्ट्झ यांनी 1855 मध्ये त्यामागची क्रिया समजावली: स्नायू आकुंचन पावतो, भिंगावरचा ताण सैलावतो आणि ते फुगते. वयानुसार हे भिंग कडक होत जाते, पुरेसे फुगत नाही. डच डॉक्टर डोंडर्स यांनी 1864 च्या ग्रंथात चाळिशी आणि दूरदृष्टी या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे उपाय हाती आल्यावर कारण नीट कळायला जवळजवळ पावणेसहाशे वर्षे गेली!

दरम्यान चष्मा सुधारत होता. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1785 च्या पत्रात आपला दुहेरी चष्मा वर्णन केला: वरचा भाग लांबचे पाहायला, खालचा वाचायला. हाच बायफोकल. 1959 मध्ये फ्रान्समध्ये प्रोग्रेसिव्ह काच बाजारात आली. तिच्यात मधली रेघ नसते आणि नंबर वरून खाली हळूहळू बदलतो.

एवढा जुना आणि साधा उपाय असूनही माणसे तो टाळतात. "चष्मा लावला की नंबर वाढतो" ही समजूत फार पक्की आहे. खरे म्हणजे नंबर साठीपर्यंत हळूहळू वाढतोच, चष्मा लावा किंवा लावू नका. न लावल्याने डोकेदुखी मात्र मिळते, आणि कामही हातचे जाते. आसाममधील चहामळ्यात चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे चष्मे देऊन केलेली चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पाने खुडण्याची क्षमता सुमारे 22 टक्क्यांनी अधिक वाढली. शिलाई मशीनवर बसणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तयार चष्म्याने वाचता येते, पण त्यात डोळ्यांची तपासणी होत नाही. काचबिंदू सुरुवातीला लक्षात येत नाही, म्हणून चाळिशीत एकदा डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासून घ्या. नंबर एकाएकी बदलला तर रक्तातील साखर पाहा. साठीनंतर कोणी अचानक चष्म्याशिवाय वाचू लागले तर हुरळून जाऊ नका, मोतीबिंदूची ती सुरुवात असू शकते.

व्यासतीर्थांना चष्मा लावायला संकोच वाटला नाही. पाचशे वर्षांनी आपल्याला का वाटावा?