दुबार नोंदी
दुबार नोंदी : (ग्रंथालयशास्त्र व कोशरचना). एकच विषय दोन वा अधिक शीर्षकांखाली नोंदला जाणे. पर्यायी नावे, टोपणनावे व लेखनभेद ही त्याची मुख्य कारणे. यामुळे माहिती विखुरते व वाचकाच्या हाती अपुरी लागते. उपाय म्हणून एक शीर्षक प्रमाण ठरवून सर्व मजकूर त्याखाली एकत्र करतात व उरलेल्या शीर्षकांपुढे ‘पहा’ हा निर्देश देतात, उदा., ‘ठोंबरे, त्र्यंबक बापूजी : पहा बालकवी’. संबंधित, पण स्वतंत्र विषयांसाठी ‘हेही पहा’ वापरतात. अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स ॲमी कटर यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तालिकीकरणाच्या नियमांत अशा निर्देशांची पद्धतशीर मांडणी आहे. वाचक कोणत्या नावाने शोध घेईल हे आधी ठरवता येत नाही. म्हणून पर्यायी शीर्षक वगळू नये, निर्देशरूपाने राखावे.