मानमोडी, करोना आणि घशातील जंतू

अंबरपेठेला लागूनच नल्लाकुंट्याचे साथरुग्णालय आहे. कागदोपत्री ते सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाचे. जुन्या हैदराबादकरांच्या तोंडी मात्र ‘कोरंटी दवाखाना’च. ‘क्वारंटाइन’ या परक्या शब्दाला लोकांनी आपल्या जिभेचे वळण दिले, इतकेच. १९१५ साली हा दवाखाना निघाला आणि तीनच वर्षांनी मानमोडी आली.

१९१८ च्या त्या साथीत हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे दगावली. त्यांना इन्फ्लुएन्झाने मारले असे आपण म्हणतो. परंतु त्या काळी जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे नमुने २००८ साली पुन्हा तपासले गेले, तेव्हा बहुतेक मृत्यूंमागे जंतुजन्य न्यूमोनिया असल्याचे दिसून आले. विषाणूने श्वासनलिकेचे अस्तर सोलून काढावे आणि घशात निमूटपणे राहणाऱ्या न्यूमोकॉकससारख्या जंतूंनी खाली उतरावे, असा तो क्रम होता. त्यांतल्या एका जंतूलाच फायफर यांनी १८९२ साली इन्फ्लुएन्झाचे कारण ठरविले होते. चूक पुढे उमगली. ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झी’ हे नाव मात्र त्याला चिकटले ते चिकटलेच!

मग करोनाच्या साथीत काय व्हावे? झाले ते उलटेच. २०२० साली टाळेबंदी सुरू होताच सव्वीस देशप्रदेशांच्या प्रयोगशाळांत रक्तात वा मेंदूच्या आवरणात शिरणारे न्यूमोकॉकस, हिमोफिलस आणि मेनिंगोकॉकस झपाट्याने कमी आढळू लागले. न्यूमोकॉकसचे रोगी तर आठ आठवड्यांत सुमारे ८२ टक्क्यांनी घटले. प्रयोगशाळाच ओस पडल्या असतील, ही शंका रास्त आहे. पण मातेकडून अर्भकाला लागणारा, श्वासावाटे न पसरणारा एक स्ट्रेप्टोकॉकस त्याच प्रयोगशाळांत पूर्वीइतकाच सापडत होता.

याहून नवलाची गोष्ट इस्रायलमध्ये दिसली. मुलांच्या घशातील न्यूमोकॉकस फारसा हटलाच नव्हता. नाहीसे झाले होते ते सर्दी-तापाचे नेहमीचे विषाणू. जंतू घरात होता, दार उघडून देणारा सोबती तेवढा नव्हता. २०२१ मध्ये ते विषाणू परतले आणि त्यांच्यामागून न्यूमोनियाही परतला.

आपल्याकडे हिमोफिलसची लस २०११ च्या अखेरीस केरळ-तामिळनाडूपासून सरकारी कार्यक्रमात आली. न्यूमोकॉकसची २०१७ पासून काही भागांत आणि २०२१ मध्ये देशभर. पुण्यात तयार झालेली न्यूमोकॉकसची लसही २०२० च्या डिसेंबरातच पुढे आली. परंतु त्याच २०२० साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजाप्रमाणे भारतातील सुमारे ३० लाख बालकांना त्रिगुणी लसीची पहिलीही मात्रा मिळाली नाही. आदल्या वर्षी ती संख्या १४ लाख होती. आपल्याकडे ही मात्रा ज्या पंचगुणी सुईतून दिली जाते, तिच्यातच हिमोफिलसची लस असते आणि घटसर्पाचीही. घटसर्पाचे रोगी कोरंटी दवाखान्याला नवे नाहीत.